प्रेशर गननं ट्रकची जाळी चेपली. पत्त्या सरळ करू की बदलूनच टाकू?

दहाचाकीवाला, वाडी (रविवार, रात्री 9.40)

नमस्कार मंडळी. गाडी दहा चाकी, एसी केबिनची, सहा वर्षं झाली. आधी बाबा चालवायचे, दोन वर्षांपासून मी चालवून राहिलो. हिंगणघाटकडून रुईच्या गाठी, सरकी, ढेप असा माल असतो. परतीला मिळेल ते.

मागच्या महिन्यात गाडी एका वॉशिंग सेंटरला धुवायला टाकली. मी समोरच्या टपरीवर चहा प्यायला गेलो, तेवढ्यात तिथल्या पोरानं ग्रिल उघडून प्रेशर गन सरळ जाळीला टेकवली, तीही तिरपी. मी परत येईपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. कंडेन्सरची, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या सगळ्यात पुढच्या जाळीची, डावी बाजू, वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानाएवढी, पार चेपली. जाळीतल्या पातळ धातूच्या पत्त्या अशा आडव्या झोपल्या आहेत की जाळी नाही, पत्रा वाटतो. कंडेन्सर आणि त्यामागचा इंटरकूलर (टर्बोची हवा गार करणारी जाळी) संपतात त्याखाली इंजिनचं पाणी गार करणारा रेडिएटर उघडा पडतो, तिथल्याही चार-पाच ओळी गेल्या.

तेव्हापासून दोन त्रास सुरू झाले. ढेप भरून शिवनीकडे निघालो तर कुरई घाटात इंजिनच्या तापमानाचा काटा वर चढला. लाल पट्टीच्या एक बोट अलीकडे मी गाडी बाजूला घेतली, पाऊण तास उभी ठेवली. दुसरा त्रास एसीचा. हायवेवर ठीक चालतो, पण कळमन्यात मार्केटच्या रांगेत उभं राहिलं की पाच-सात मिनिटांत गरम हवा. आता एप्रिल संपत आला, पुढे नवतपा आहे.

एका दुकानात दाखवलं. हातही न लावता म्हणाले, कंडेन्सर आणि रेडिएटर दोन्ही बदला. आकडा ऐकला आणि या महिन्याचा हप्ता डोळ्यांपुढे आला. मग पत्त्या सरळ करायची फणी ऑनलाइन मागवली, सहा तोंडांची: इंचाला 8, 9, 10, 12, 14 आणि 15 पत्त्यांसाठी. कंडेन्सरवर 15 चं तोंड लावून दोनदा ओढली. काही पत्त्या उभ्या झाल्या, काही मुळातून उपटून हातात आल्या, आणि नळ्यांवर दोन चकचकीत ओरखडे पडले. तिथंच थांबलो.

माझं विचारणं एवढंच आहे की हे हातानं होण्यासारखं आहे का, आणि त्या ओरखड्यांनी गॅस जाईल का? ही गाडी बाबांनी घेतली होती. मला ती नीट ठेवायची आहे.

एसीचं काम, हिंगणा रोड (रविवार, रात्री 10.25)

भाऊ, थांबलात ते फार चांगलं केलं. फणी आता कंडेन्सरला लावू नका.

कंडेन्सरच्या नळ्या ॲल्युमिनियमच्या, चपट्या असतात आणि आत आर-134ए गॅस असतो. इंजिन बंद आहे म्हणजे दाब नाही, असं समजू नका. बाहेर 45 अंश असेल तर एसी बंद असतानाही आत दीडशे पीएसआयच्या घरात दाब असतो, म्हणजे तुमच्या टायरपेक्षा जास्त. चालू असताना तो याच्या दुपटीपर्यंत जातो. नळीला भोक पडलं तर गॅस एकदम सुटतो, आणि तो कातडीला किंवा डोळ्याला लागला की बर्फासारखा जाळतो. जाळीजवळ तोंड नेऊन काम करायचं असेल तर चष्मा लावूनच करा.

ओरखड्यांचं आजच पाहून घ्या. वाटीत साबणाचा घट्ट फेस करा, ब्रशनं त्या जागी लावा आणि दोन-तीन मिनिटं टॉर्च मारून बघत बसा. बुडबुडा फुगत असेल तर नळी गेली. आणखी एक खूण आहे. गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेल फिरत असतं, त्यामुळे गळतीच्या जागी तेलकट काळा डाग पडतो आणि त्यावर धूळ चिकटते. तसा डाग दिसला तर ती जागा छेडू नका.

तुमचा एसी उभ्या गाडीत गरम होतो आणि पळताना ठीक राहतो, यावरून गॅस कमी नसावा, हवा कमी पडत असावी. कंडेन्सरची उष्णता निघत नाही, दाब चढतो आणि प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. कोणी नुसता गॅस भरून देतो म्हणाला तर भरू नका, दाब आणखी वाढेल.

1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली आहे. म्हणजे आता प्रत्येक नव्या गाडीच्या तोंडावर कंडेन्सर असणार आणि प्रत्येक वॉशिंग सेंटरवर ही गन असणार. ड्रायव्हर भावांनी गाडी धुताना तिथं उभं राहायला पाहिजे.

जुना जाळीवाला, गड्डीगोदाम (सोमवार, सकाळी 6.15)

बाबू, मी 34 वर्षं रेडिएटरचंच काम केलं. आता दुकान पोरगा पाहतो. आमच्या वेळी तांब्या-पितळेचा रेडिएटर असायचा. डाख लावून नळी बंद करता यायची, टाकी उघडून आत गज फिरवता यायचा, पत्ती दहादा वाकवली तरी मोडत नसे. तुझ्या गाडीतलं ॲल्युमिनियम वेगळं. ते एकदा वाकलं की तिथं कडक होते, सरळ करताना अजून कडक होते, तिसऱ्यांदा वाकवलं की तुटते. म्हणून प्रत्येक पत्तीला तुझ्याकडे एकच संधी आहे. घाई करायची नाही, एवढं आधी मनात पक्कं कर.

आता फणीनं काहून बिघडलं ते सांगतो. ती फणी घरच्या स्प्लिट एसीसाठी बनते. त्या एसीच्या बाहेरच्या युनिटात पत्त्या वरून खालपर्यंत सलग जातात, नळ्या गोल असतात आणि पत्तीच्या पोटातून आरपार गेलेल्या असतात. त्यामुळे फणी वरून खाली विनाअडथळा सरकते. गाडीच्या जाळीत तसं नसते. दोन चपट्या नळ्यांच्या मधात नागमोडी दुमडलेली पट्टी बसवलेली असते. एकेक पत्ती जेमतेम एका नळीपासून दुसऱ्या नळीपर्यंत, बोटाच्या नखाएवढी. तू फणी ओढलीस की दर नखाएवढ्या अंतरावर दात नळीवर चढतात. ओरखडे तिथून आले. वर दात आणि पत्त्या जुळत नव्हत्या. पट्टी ठेवून एका इंचात किती पत्त्या आहेत ते मोज. रेडिएटरवर 12 च्या आसपास भरतील, कंडेन्सरवर 15 पेक्षा नक्की जास्त. दात पत्तीच्या मधात जाण्याऐवजी पत्तीवरच बसला, म्हणून ती उपटली.

हत्यार घरीच बनते. सायकलचा एक जुना आरा घे. टोक ऐरणीवर ठोकून चपटं कर, ब्लेडसारखं नको, नखासारखं. मग पॉलिश पेपरनं कडा अशा गोल कर की गालावरून फिरवलं तरी टोचू नये. टोकापासून 4 मिलिमीटरवर चिकटपट्टीचे दोन वेढे दे. त्यापुढे टोक आत जायला नको. पत्ती तोंडाशी वाकलेली असते, आत बहुतेक शाबूत असते. आपल्याला फक्त दार उघडायचं आहे.

काम सकाळी, गाडी पूर्ण थंड असताना. चावी खिशात. पंख्याच्या बाजूनं एक दिवा लाव आणि तू पुढून बघ. जिथं उजेड येतो तिथं हवा जाते, जिथं अंधार आहे तिथं काम आहे. चेपलेल्या भागाच्या कडेला जी शेवटची उभी पत्ती आहे तिथून सुरुवात कर, मधातून नाही. टोक पत्तीच्या खाली सरकवायचं आणि आरा हळूच फिरवायचा, ढकलायचं नाही. पत्ती उठली की दुसरी. पत्तीवर खिडकीच्या झडपांसारखे बारीक काप असतात, ते काही पहिल्यासारखे होणार नाहीत. त्याचं वाईट वाटून घेऊ नको. हवेला वाट मिळाली की बरंच परत आलं.

पण मला एक शंका आहे, आणि ती चेपण्यापेक्षा मोठी आहे. तू रुई वाहतोस. कंडेन्सर, इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्या मधात बोट-दोन बोटं जागा असते. गाडी जिनिंगच्या आवारात उभी असते, इंजिन चालू, पंखा हवा ओढून राहिला. मग ती रुई जाते कुठं? आपल्याकडे कूलर सगळ्यांकडे आहे. खसच्या ताट्या कचऱ्यानं भरल्या की मोटर कितीही फिरो, खोली गार होत नाही. तसंच हे. चेपलेली पत्ती समोर दिसते म्हणून आपण तिला दोष देतो. चेपलेला भाग अर्ध्या पानाएवढाच असेल तर नुसत्या त्यानं कुरई घाटात काटा एवढा चढू नये.

आणि हे आत्ताच काहून दिसून राहिलं? पाणी 90 अंशावर आहे असं धर. डिसेंबरात बाहेर 25 असते, फरक 65 चा. मे महिन्यात बाहेर 45, फरक 45 चा. उष्णता त्या फरकाच्या जोरावर बाहेर पडते, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा ताकद ऊनच खाऊन टाकते. त्यात एसीच्या कंडेन्सरची गरम हवा पुढे रेडिएटरला मिळते. हिवाळ्यात जाळी अर्धी बुजली तरी गाडी बोलत नाही. एप्रिल आला की बोलते.

म्हणून आरा हातात घेण्याआधी मधात टॉर्च मारून बघ. काय दिसलं ते इथं लिही.

राखेच्या बल्करवाली, कोराडी (सोमवार, दुपारी 1.50)

काकांशी पूर्ण सहमत. माझ्या दोन बल्कर, म्हणजे बंद टाकीच्या गाड्या, कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांतून राख नेतात. आमच्या एका गाडीत इंजिनच्या पुढच्या सीलमधून तेलाचे बारीक तुषार उडत होते, त्यावर राख बसली आणि रेडिएटरच्या आतल्या बाजूला लापशीसारखा थर झाला. वरून धुतलं तरी निघेना. आधी सील बदललं, मग जाळी साफ केली, तेव्हा जमलं.

दादा, एक विनंती. चमक येते म्हणून कोणी कॉस्टिक किंवा तेजाब मारायला सांगेल, मारू देऊ नका. ॲल्युमिनियम त्यात विरघळते. डिझेल मारायची पण सवय असते काही ड्रायव्हरांना, त्याचा तेलकटपणा राहतो आणि धूळ दुप्पट बसते. कपडे धुवायच्या साबणाचं पाणी, साधा पाइप, आणि धार पंख्याच्या बाजूनं बाहेर. कचरा ज्या वाटेनं आला त्याच वाटेनं परत जायला पाहिजे. पुढून मारलं की तो आणखी आत रुततो.

दहाचाकीवाला, वाडी (बुधवार, रात्री 8.30)

काका, तुम्ही म्हणालात तेच निघालं.

आधी ओरखड्यांवर फेस लावला. दहा मिनिटं बसून होतो, एक बुडबुडा नाही. तेलकट डागही कुठं नाही.

मग वरच्या फटीतून टॉर्च मारली. मला वाटलं इंटरकूलरला मागून करड्या रंगाचं काही कापड लावलेलं आहे. बोट घातलं तर मऊ लागलं. रुई, सोयाबीनचं कुटार, पंखवाल्या मुंग्या, सगळं धुळीत बसून बसून गोधडीच्या अस्तरासारखा थर झाला होता. रेडिएटरच्या पुढच्या अंगाला खालच्या अर्ध्या भागात सलग. चिमट्यानं एक कोपरा धरून ओढला तर तळहाताएवढा तुकडा अखंड निघाला. त्याच्या आतल्या बाजूवर पत्त्यांच्या रेघा उमटल्या होत्या, एकाशेजारी एक, वहीच्या पानासारख्या.

सहा वर्षांत हे कोणी पाहिलंच नसेल. बाबा रोज सकाळी पाणी, तेल, टायर पाहायचे, पण तिथं हात जायचा नाही.

आता प्रश्न: पूर्ण साफ करायला कंडेन्सर पुढे घ्यावा लागेल. पाइप न सोडता जमेल का?

एसीचं काम, हिंगणा रोड (बुधवार, रात्री 9.05)

जमेल. चार बोल्ट काढा, कंडेन्सर दोरीनं ग्रिलच्या पट्टीला बांधून घ्या आणि चार बोटं पुढे सरकवा, त्यापेक्षा जास्त नको. दोन माणसं पाहिजेत. पाइप जिथं कंडेन्सरला बसतात तिथं पिळा पडू देऊ नका, आतली रबरी रिंग एकदा हलली की गॅस हळूहळू जातो. पाइपला हाताचा आधार देऊनच सरकवा.

जुना जाळीवाला, गड्डीगोदाम (गुरुवार, सकाळी 6.05)

शाब्बास. थर कोरडा असतानाच काढ, आधी पाणी मारू नको. रुई ओली झाली की पत्त्यांच्या मधात लगदा होऊन बसते. चिमटा, मग बाटली धुवायचा मऊ ब्रश, मग हवा. हवेची नळी हातभर लांब आणि सरळ समोरासमोर धर, तिरपी धरली की पुन्हा पत्त्या झोपतील. पाणी शेवटी, ताईनं सांगितलं तसं. आरा त्यानंतर.

दहाचाकीवाला, वाडी (तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री 9.15)

उशीर झाला लिहायला, मधात दोन फेऱ्या झाल्या. जे केलं ते सांगतो, म्हणजे पुढच्याला कामी येईल.

पहिल्या रविवारी चुलतभावाला बोलावलं आणि कंडेन्सर पुढे घेऊन कचरा काढला. अर्धी बादली भरली. पाणी मारल्यावर पंख्याच्या बाजूनं दिवा लावला तर रेडिएटर, जो मी बंदच समजत होतो, त्यातून पहाटेच्या खिडकीसारखा उजेड आला. त्या दिवशी एकही पत्ती सरळ केली नाही. सगळं बसवलं आणि मंगळवारी माल घेऊन निघालो. काका बरोबर होते. कुरई घाटात काटा मधल्या रेघेच्या किंचित वर गेला आणि तिथंच राहिला. एसीला मात्र फार फरक पडला नाही, उभ्या गाडीत गरमच.

दुसऱ्या रविवारी पहाटे पाचला आरा घेऊन बसलो. पत्त्या मोजल्या, रेडिएटरवर इंचाला 12, कंडेन्सरवर 18. म्हणजे ती फणी तिथं कधीच बसणार नव्हती. पहिल्या अर्ध्या तासात चार पत्त्या मोडल्या, कारण मी उचलत होतो. मग तुमचं वाक्य पुन्हा वाचलं, फिरवायचं, ढकलायचं नाही. टोक पत्तीखाली गेलं की बोटांच्या चिमटीत आरा कुलपातल्या चावीसारखा जरासा वळवायचा. पत्ती आपोआप उभी राहते, टिक असा अगदी बारीक आवाज येतो. तो आवाज ओळखीचा झाल्यावर हात बसला. नळीला लागलं तर आवाज बोथट येतो, तेव्हा थांबायचं.

ऊन चढल्यावर साडेनऊला बंद केलं. साडेचार तासांत अर्ध्या पानातला दोन तृतीयांश झाला. आज उरलेला पूर्ण केला. एकूण 11 पत्त्या मोडल्या, फणीनं उपटल्या त्या वेगळ्या. एका जागी दगड लागून नळी आत दबलेली दिसली, तिथल्या दोन ओळी मुद्दाम तशाच सोडल्या.

संध्याकाळी इंजिन चालू करून पुढून वर्तमानपत्राचं पान जाळीवर धरलं. डाव्या बाजूला आधी ते खाली घसरायचं. आता चिकटून राहिलं. मग एसी लावून आवारात अर्धा तास गाडी उभी ठेवली, बाहेर 43 अंश. शेवटपर्यंत गार हवा. बाबा शेजारच्या सीटवर बसले होते. दोन वर्षांनी केबिनमध्ये चढले. त्यांनी जाळीवर हात ठेवून हवा पाहिली, हातानं काच खाली-वर केली, आणि उतरताना म्हणाले, आवाज बरोबर आहे.

एक विचारायचं राहिलं. रुई पुन्हा आत जाऊ नये म्हणून ग्रिलच्या आतून मच्छरदाणीची जाळी लावू का?

जुना जाळीवाला, गड्डीगोदाम (सोमवार, सकाळी 6.10)

नको बाबू. तिच्यावर रुई एका फेरीत बसते आणि मग हवाच बंद. लावायचीच असेल तर करंगळीचं टोक जाईल एवढ्या भोकाची तारेची जाळी लाव, दगडापासून वाचवेल. रुईसाठी उपाय एकच, जिनिंगच्या आवारात माल भरताना इंजिन बंद. आणि दर पंधरा दिवसांनी वरच्या फटीतून टॉर्च. ती दबलेली नळी लक्षात ठेव, दर वेळी फेस लावून पाहत जा.

राखेच्या बल्करवाली, कोराडी (सोमवार, दुपारी 2.20)

दादा, आमच्या ड्रायव्हरला पण तो आरा बनवून द्यायचा आहे. लांबी किती ठेवली?

दहाचाकीवाला, वाडी (सोमवार, रात्री 10.00)

ताई, वीतभर पुरतो. मागचं टोक मी जुन्या कानशीच्या लाकडी मुठीत बसवलं, नाहीतर तासाभरात बोटांना फोड येतात. कंडेन्सर आणि रेडिएटरसाठी दोन वेगळे करा, कंडेन्सरचा जास्त बारीक लागतो. माझ्याकडे आऱ्यांची जुडी उरली आहे. वाडीकडे गाडी आली की ड्रायव्हरदादांना थांबायला सांगा, दोन्ही करून देतो.